लोहारकाकांची वही

त्या दिवशी मला पोलीस चौकीतून सोडवलं ते सुकापूरच्या लोहारकाकांनी, हे आधी सांगते. एरवी एवढा वैताग देणारा माणूस अख्ख्या पनवेलात नसेल. मी सातवीत शाळा सोडलेली, लातूरकडून इथे येऊन शहाळी विकते. कोयत्याला धार लावायला गेले की दर वेळी काका वही उघडून विचारणार, "नाव? कोयता कशाला पायजे?"

"काका, कालच माझ्याकडे शहाळं प्यालात ना!"

"मी प्यालो, वहीनं नाय. इंग्रजांनी हत्याराचा कायदा केला, तवापासून आमचं घर लिवल्याबिगर पातं देत नाय, बाय."

निवडणुकीत शस्त्रबंदी लागली आणि पोलिसांनी मला कोयत्यासकट उचललं. गुन्हा नोंदला असता तर धंदा संपला असता. काका भट्टी सोडून वही घेऊन आले. साहेबांसमोरही आधी निवांत चष्मा पुसत बसले. मला ओरडावंसं वाटलं. मग त्यांनी वही उघडून एकेका ओळीवर बोट ठेवलं. दर महिन्याला माझं नाव आणि पुढे 'शहाळी फोडायला'. साहेबांनी मला सोडलं.

काकांना हल्ली अक्षर नीट दिसत नाही. अगदीच दिसेनासं झालं की ती वही मी लिहीन, आणि सख्ख्या भावालाही विचारल्याशिवाय कोयता देणार नाही.