पाचव्या उंबऱ्याचा जोगवा

अणदूरच्या सारजाबाई आराधीण, देवीआईचा जोगवा मागणाऱ्या. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू, आणि आवाज असा की वेशीत गायल्या तर शिवारातलं खुरपं थांबावं. सासूनं मरताना आपली वेताची परडी त्यांच्या हाती दिली आणि बजावलं, "मंगळवारी ओळीनं पाच घरं मागायची. आईच्या नावानं पडंल ते घ्यायचं." सोयरसुतक सोडलं तर सारजाबाईंचा एक मंगळवार चुकला नाही.

यंदा त्यांना कोचीनचं बोलावणं आलं. समुद्राकाठच्या त्या जुन्या बंदरात साऱ्या जगातली मंडळी संस्कृतीवर बोलायला जमणार होती. संध्याकाळी सारजाबाईंनी गायचं आणि मुरुमच्या शांताक्कांनी चौंडकं वाजवायचं. गाण्याचा वार निघाला नेमका मंगळवार.

सकाळी सारजाबाई परडी घेऊन हॉटेलच्या लांबलचक बोळात उभ्या. दारं ढीगभर, पण एकालाही उंबरा नाही.

"आता कुणाला मागतीस? लिफ्टला?" शांताक्का म्हणाल्या.

"चूल पेटती तेच घर. चल, धूर हुडकू."

हॉटेलामागं कोळ्यांची आळी निघाली. बोली कळेना. पण आईचं नाव घेऊन परडी पुढं केली, तशी पहिल्या घरातनं तांदूळ पडले. दुसऱ्यातनं नारळ, तिसऱ्यातनं केळी, चौथ्यातनं परत तांदूळ. पाचव्या घरची तरणी कोळीण लगबगीनं आत गेली आणि तिनं मूठभर सुकी मासळी परडीत टाकली.

मंगळवार म्हणजे सारजाबाईंचा उपास.

"दे बाई परत," शांताक्का पुटपुटल्या. त्यांच्या घरात मासळी शिजत नाही. "फुडच्या घरी मागू."

"मधलं दार वगळायचं असतं व्हय? आन आईला बोकड चालतो, मग मासळीनं काय घोडं मारलं?"

त्यांनी कोळिणीला कुंकू लावलं. तिच्या गळ्यात क्रूस होता, तरी तिनं कपाळ पुढं केलं.

खरी पंचाईत संध्याकाळी झाली. नेम असा, की पाच घरचा जोगवा परडीत ठेवूनच गायचं, आणि परडी रिकामी करायची ती आरतीनंतर. पडद्यामागं व्यवस्थेवरचे साहेब आले. आपलेच, मराठी बोलणारे, पण नाक दाबून.

"मावशी, पुढं परदेशी पाहुणे बसलेत. ही टोपली बाहेर ठेवा."

"परडी बाहेर, तर मीबी बाहेर."

"मग निदान मासळी तरी काढा."

"कशी काढू, साहेब? पाचव्या घरानं दिलंय. ते काढलं की नेम मोडला. सासूला काय तोंड दावू?"

"नेम कळतो हो मला. पण वास?"

"समुद्रावर बैठक ठिवली कुणी?" शांताक्कांनी चौंडक्याची तार पिळली. "अणदूरला ठिवायची, जवारीच्या पिठाचा वास आला असता."

साहेबांना हसू फुटलं. ते बाजूला झाले.

परडी हातावर घेऊन सारजाबाई गायल्या, अणदूरच्या वेशीत गातात तशाच. पहिल्या रांगेतल्या एका गोऱ्या बाईंनी आधी नाकाला रुमाल लावला, मग तोच डोळ्यांना लावला. वासानं का गाण्यानं, ते आईलाच ठाऊक.

आरती झाली. तांदूळ हॉटेलच्या आचाऱ्यानं शांताक्कांसाठी शिजवून दिले, मासळी सारजाबाईंनी उपास म्हणून फडक्यात बांधली. बुधवारी परतीच्या गाडीत त्यांनी ती घरनं आणलेल्या कडक भाकरीसंगं चवीनं खाल्ली.

"आईचा प्रसाद हाय. घे की एक," त्या शांताक्कांना म्हणाल्या.

"आईला माझा नमस्कार सांग," म्हणून शांताक्का नाकाला पदर लावून खिडकीकडं तोंड करून बसल्या.