उभा घटक, आडवा घटक

जगात कुठलीही गोष्ट तिरपी राहू द्यायची नाही, असा पण करूनच माझे सासरे जन्माला आले असावेत. तिरपं काही दिसलं की ते त्याचे दोन तुकडे करत, एक उभा आणि एक आडवा. दिल्लीतल्या एका शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर ते कमलानगरच्या आमच्या घरीच मुलींच्या शिकवण्या घेत. अकरावीच्या सुरुवातीला सदिश येतात. माणूस कितीही वाकडातिकडा चालला तरी त्याची चाल पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा दोन घटकांत मोडायची, ते वेगवेगळे मोजायचे, आणि निघाल्या जागेपासून तो सरळ रेषेत किती दूर पोचला ते काढायचं. त्याला म्हणायचं विस्थापन. बाकीचे मास्तर हा धडा संपवून पुढे जातात. सासरे मनाने पुढे गेलेच नाहीत.

त्यांना पत्ता विचारला की ते गल्ली, दुकान, देऊळ असलं काही सांगत नसत. माझे मामा पहिल्यांदा पुण्याहून आले तेव्हा फोनवर त्यांना सांगण्यात आलं, "स्टेशनवरून उत्तरेला या, मग जरासं पश्चिमेला. बस, दोनच घटक आहेत." मामा शिस्तीचे. ते उत्तरेला आले आणि आंब्यांची पेटी घेऊन हिंदूराव हॉस्पिटलच्या दारात उभे राहिले, कारण तिथून पश्चिमेला रिजच्या टेकडीवरचं जंगल लागतं. रिक्षावाला जंगलात शिरेना आणि मामा दुसरीकडे वळायला तयार होईनात. शेवटी माझा नवरा स्कूटरवरून जाऊन त्यांना घेऊन आला. सासऱ्यांनी शांतपणे चहा पुढे केला आणि म्हणाले, "गणित बरोबर होतं. मध्ये जंगल आलं त्याला मी काय करणार?" मामांनी त्या मुक्कामात त्यांना पुन्हा काही विचारलं नाही.

रस्त्यांचं सोडा, माणसांच्या स्वभावालाही ते फूटपट्टी लावत. नवरा ऑफिसातून तणतणत आला की सासरे माझ्या कानाशी येऊन सांगत, "याच्या रागाचा आडवा घटक साहेबावर आहे. आपल्या वाट्याला फक्त उभा. घाबरू नकोस, पानं घे." सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे हे सगळं ऐकायला घरात मी एकटीच. पहिल्या दिवाळीत चकल्या तळता तळता मला माहेरच्या आठवणीने रडू फुटलं. त्यांनी का रडतेस म्हणून विचारलं नाही. बैठकीतल्या भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावून ते परत आले आणि म्हणाले, "पुणं दक्षिणेला बरंच आहे गं, त्याला इलाज नाही. पण पश्चिमेला थोडंच. तू पश्चिमेकडची खोली घे, तेवढंच कमी." ती खोली त्यांची स्वतःची होती, घरातली सगळ्यात हवेशीर. संध्याकाळपर्यंत त्यांनी आपली गादी, रेडिओ आणि मफलर पूर्वेच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवले. मी नको नको म्हणत राहिले, पण लग्नानंतर पहिल्यांदा मला दिल्लीत आपलं कुणीतरी आहे असं वाटलं.

पुढे परदेशी कंपन्या यायला लागल्या आणि नवऱ्याला गुडगावात नोकरी लागली. तिकडे तेव्हा मोहरीच्या शेतांतून सोसायट्या उभ्या राहत होत्या. रोजचं येणं-जाणं जिवावर यायचं, म्हणून तिथे फ्लॅट घेतला आणि त्यात बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, खोलीही धरली. बाबा मात्र येईनात. "मुलींची परीक्षा मार्चमध्ये. अर्ध्यावर कसं सोडू?" मार्चनंतर दुसऱ्या मुली येणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्यांना एकटं टाकून जायचं या कल्पनेनेच मला माहेर सोडताना वाटलं नव्हतं इतकं वाईट वाटत होतं. मी रुसले, तुम्ही येत नसाल तर मीही जात नाही म्हणाले. तेव्हा त्यांनी मला त्या नकाशासमोर उभं केलं.

"हे बघ सूनबाई. इथून गुडगाव दक्षिणेला आणि पश्चिमेला. पुणंही दक्षिणेला आणि पश्चिमेला. म्हणजे दोन्ही घटकांत तू माहेराच्या जवळ चाललीस. बिल्कुल फायद्याचं आहे."

"आणि तुमच्यापासून, बाबा?"

"ते त्याच गणितात येतं," एवढंच म्हणून ते चष्मा पुसत बसले.

आता ते नाहीत. पण आठवतात ते आम्ही निघालो त्या सकाळचे. सामानाचा टेम्पो खाली उभा होता आणि बाबा काही खाली येत नव्हते. मी निरोप घ्यायला वर गेले, तर बैठकीत शिकवणी चाललेली. मी दारातच थांबले. मुलींशी ते हिंदीत बोलत. माझ्याकडे न बघता त्यांनी गणित घातलं, "एक लडकी घर से निकली. पहले दक्षिण गई, फिर पश्चिम. बताओ, घर से कितनी दूर पहुँची?" आणि दोन्हीकडचे किलोमीटर सांगितले.

दोन वेण्यांची एक मुलगी उठली. तिने फळ्यावर दोन रेघा काढल्या, वर्ग केले, बेरीज केली, वर्गमूळ काढलं. इतक्या वर्षांत एवढं मलाही येऊ लागलं होतं. उत्तर बरोबर होतं.

सासऱ्यांनी चष्मा पुसून उत्तर पुन्हा वाचलं.

"गलत," ते म्हणाले.

"सर, सही तो है," ती मुलगी गोंधळून म्हणाली.

"इतनी दूर नहीं है. फिर से करो."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.