पाट्यावर पाटा

हसणार असाल तर कपबशी आधी खाली ठेवा. मागं एकदा हे सांगत होतो तर ऐकणाऱ्याच्या नाकातून चहा आला आणि शर्ट माझा खराब झाला. एकदा मूर्खपणा केला की त्याचे डाग असे वर्षानुवर्षं पडत राहतात.

तर मी विज्ञानाचा मास्तर. कळसला हायस्कुलात. नववीच्या पोरांना स्प्रिंग शिकवायचो. ‘जेवढं वजन जास्त, तेवढी स्प्रिंग जास्त दबते.’ झालं, संपला धडा! बारा वर्षं हे एकच वाक्य मी पोरांच्या डोक्यात कोंबत होतो. माझ्या स्वतःच्या डोक्यात ते कधी शिरलंच नव्हतं, हे फार उशिरा कळलं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी सेकंडहँड फियाट घेतली. आमच्या आळीतली पहिली चारचाकी! गाडी तशी चांगली, पण आधीचा मालक वरकुट्याचा बागायतदार. त्यानं मागची सीट काढून तिच्यातून डाळिंबाच्या पेट्या वाहिलेल्या. विकताना सीट परत बसवून दिली, पण मागचे पाटे पार बसले होते. पाटे म्हणजे मागच्या चाकांपाशी एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या असतात ना, कमानीसारख्या वाकवलेल्या, त्या. तीच त्या गाडीची स्प्रिंग. आमच्या कमानीची सरळ पट्टी झाली होती. खड्डा आला की बुडाला आधी कळायचा, डोळ्यांना नंतर दिसायचा.

एरवी मी तसाच हिंडलो असतो. पण सुनंदाला, म्हणजे आमच्या मंडळींना, सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण, बारामतीला माहेरी व्हायचं. येत्या रविवारी तिला पोचवायची होती. आणि तेव्हाचा कळस ते बारामती रस्ता! उसाच्या गाड्यांनी त्याच्या दोन्ही कडा खाऊन टाकल्या होत्या.

ती म्हणाली, “अहो, मी आपली एसटीनं जाते. बाईमाणसाला पुढची सीट देतात.”

आता तुम्हीच सांगा. दारात चारचाकी उभी, आणि सात महिन्यांच्या बायकोला एसटीत बसवायची? सासऱ्यांना काय तोंड दाखवणार? मी म्हणालो, “पाण्यानं भरलेला तांब्या मांडीवर घेऊन बस. थेंब सांडला तर नाव बदलीन!”

इंदापूरचा मिस्त्री म्हणाला, पाटे बदलावे लागतील, गाडी चार दिवस ठेवा. चार दिवस! अहो, चार नट सोडायचे आणि चार नट आवळायचे, त्याला चार दिवस? मी नवे पाटे तेवढे विकत घेतले आणि वर त्याला ऐकवून आलो, “मिस्त्री, आम्ही हे पोरांना शिकवतो!” त्यानं हात जोडले. मला वाटलं, आदरानं जोडले.

बुधवारी शाळेला सुट्टी होती. शेजारचे दगडूतात्या आपला जॅक घेऊन मदतीला आले. तात्यांची सगळी हयात उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांच्या लेखी फियाट म्हणजे एक लहान ट्रॉलीच, फक्त वर छप्पर असलेली.

सकाळी नऊला गाडीखाली शिरलो. नट असे गंजलेले, की नट कुठला आणि पाटा कुठला ते ओळखू येईना. रॉकेल ओतलं, हातोडा मारला, शिव्या दिल्या. पाना सटकून कोपर फुटलं. पहिला नट हलला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मिस्त्रीच्या चार दिवसांचा हिशेब मला तेव्हाच कळला, पण तात्यांसमोर मी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

मधेच आई आली. “सुदाम, आरं ऐक की जरा. सुनंदासंगं धाडायचं—”

“आये, काम चाललंय! मधी बोलायचं न्हाय. काय इचारायचं ते शेवटी इचार!”

वर्गातली सवय, दुसरं काय. आई पदर खोचून आत गेली.

संध्याकाळी पाटे बसले. गाडी खाली उतरवली आणि काय सांगू, मागची बाजू कशी छान वर आली! मी खडू आणला आणि बंपर जिथं येत होता तिथं मागच्या भिंतीवर रेघ मारली. शास्त्रीय पद्धत! तात्या म्हणाले, “गुरुजी, शिकल्याला मानूस न्यारा.” मलाही तसंच वाटत होतं.

गुरुवारी शाळेतून आलो आणि बघतो तर बंपर रेघेच्या चार बोटं खाली! डोळे चोळले. पुन्हा बघितलं. चार बोटंच.

तात्या उकिडवे बसून खाली डोकावले. “पाटा नरम निघाला. आजकालच्या लोखंडात जीव न्हाय. येक पाटा वाढवा.”

पाटा वाढवणं हा आमच्याकडचा रामबाण उपाय. ट्रॉलीत ऊस जास्त भरायचाय? वाढव पाटा. जीपमध्ये वऱ्हाड मावत नाही? वाढव पाटा. का, कशाला, असलं विचारायचं नसतं. तात्यांच्या परड्यात जुन्या जीपचे पाटे पडलेलेच होते. दोन्ही बाजूंना एकेक घातला. भोक जुळलं, तेवढं बास.

“तात्या, आज जॅकला जड का जातंय हो?”

“म्हातारा झाला त्यो बी. माझ्यावानी.”

मला ते पटलं! बारा वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला पटलं!

शुक्रवारी घरी आलो. बंपर पुन्हा खाली. दुसरा पाटा वाढवला. शनिवारी अर्धा दिवस शाळा, दुपारी आलो तर पुन्हा तेच! आता मात्र माझं डोकं फिरलं. दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तिसरा पाटा चढवला. हाताला ग्रीस, केसात माती, कोपरावर फडकं. तेवढ्यात आई पुन्हा आली.

“सुदाम, मी काय म्हन्ते…”

“आये, तुला पाट्यातलं काय कळतंय?”

“मला पाट्यातलं न्हाय कळत. पोत्यातलं कळतंय,” असं म्हणून ती फणकाऱ्यानं आत गेली.

हे वाक्य मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. पण ऐकणं आणि कळणं यात फरक असतो, हे मी पोरांना रोज सांगायचो.

अंगणातच मी ओरडलो, “कितीही पाटे घाला, दबतातच! उद्या यात सात महिन्यांची बाई बसायचीय, आणि दबतायत कसे हे!” स्वयंपाकघरात सुनंदानं ते ऐकलं. ती काही बोलली नाही. कुणी बोललेलं मला चालतच नव्हतं ना त्या आठवड्यात!

रविवारी सकाळी तोंड धुऊन अंगणात आलो आणि जागच्या जागी थांबलो. गाडीचा पार्श्वभाग रेघेच्या चांगला वीतभर वर! शेपूट वर करून उधळलेल्या कालवडीसारखी गाडी उभी. नाक मातीत, बूड आभाळात.

तुम्हाला वाटेल, आता तरी मला शंका आली असेल. छे! मला आनंद झाला! मी हाका मारमारून तात्यांना बोलावलं.

“मुरलं बगा लोखंड,” तात्या समाधानानं म्हणाले. “लोनच्यावानी असतंय त्ये. चार दिस द्यावं लागत्यात.”

आईनं सुनेची ओटी भरली, डोळे पुसले. सुनंदा मागच्या सीटवर बसली आणि हळूहळू पुढं घसरू लागली.

“अहो, मी सीटवर राहत नाहीये.”

“पाय रेटून बस. नवे पाटे आहेत. नव्या चपला नाही का चावत? सरावतील.”

निघालो. गावाबाहेर कुणीतरी पाइप नेण्यासाठी रस्त्यात आडवी चर खणून बुजवली होती. मी अगदी चालण्याच्या वेगानं गाडी घातली. पुढची चाकं गेली, काही नाही. मागची आली आणि गाडीनं अशी उसळी घेतली की आरशात मला रस्ता दिसायचा बंद होऊन नुसतं आभाळ दिसलं. मग मी आणखी हळू केलं. एक शेळी आम्हाला मागं टाकून गेली. पण वेगाचा प्रश्नच नव्हता हो! विडीच्या थोटकावरून चाक गेलं तरी मणक्याला कळत होतं.

“थांबवा,” सुनंदा म्हणाली. हळू आवाजात.

बायको ओरडत असते तोवर ठीक असतं. हळू बोलली की गडी संपला. मागं वळून बघितलं तर तिचा एक हात पोटावर, दुसऱ्या हातानं दाराची कडी घट्ट धरलेली, चेहरा उतरलेला. खरं सांगतो, हौस माझी, गाडी माझी, हट्ट माझा, आणि तिला काही झालं असतं म्हणजे? मी मुकाट्यानं बारामती रस्त्याच्या फाट्यापर्यंत गाडी नेली. इंदापूरहून एसटी येतच होती. हात केला. कंडक्टरनं पुढच्या सीटवरच्या दोघांना उठवून तिला ऐसपैस जागा करून दिली.

चढता चढता ती म्हणाली, “तुम्ही या सावकाश. तांब्या घेऊन.”

एसटी गेली आणि मी एकटाच राहिलो. आता तर गाडी आणखी हलकी! डोकं टपाला आपटायला लागलं. दोनदा आपटलं आणि तेव्हा कुठं तो नववीचा धडा उघडला. अरे, वजन जास्त तर स्प्रिंग जास्त दबते! म्हणजे मागं वजन टाकलं की गाडी नरम होणार! मी स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. कालव्याच्या कडेला गाडी लावली. तिथं मोठमोठे दगड पडलेले होते. डिकीचं कुलूप मोडलेलं, तारेनं बांधलेली असायची. तार सोडली, झाकण उचललं.

आत ज्वारी सांडलेली होती. कांद्याची सालं होती. कोपऱ्यात चार-दोन शेंगा.

मग एकेक उलगडायला लागलं, आणि राहिलेलं सुनंदानं नंतर सांगितलं. सून माहेरी चार महिने राहणार, तर तिला रिकाम्या हातानं धाडायची कशी? लोक म्हणतील, मास्तरच्या घरात दाणा नव्हता! म्हणून मी शाळेत गेलो की आई आळीतल्या कुणाला तरी हाताशी धरून डिकीत पोतं चढवायची. गुरुवारी ज्वारीचं, शुक्रवारी कांद्याचं, शनिवारी गव्हाचं आणि त्यावर शेंगांचं गठुडं. पोतं चढलं की गाडी दबायची. गाडी दबली की मी पाटा वाढवायचो. आणि रविवारी भल्या पहाटे, ‘यांच्या पाट्यांना ओझं सोसत नाही’ म्हणून सुनंदानं सगळी पोती बारामतीच्या बाजाराला निघालेल्या टेंपोत घालून पुढं पाठवून दिली! तीन पोती पेलणारे पाटे माझ्या गाडीला, आणि पोती टेंपोत!

राग कुणावर काढू? आई दोनदा सांगायला आली होती. उरलो मीच. त्या रागाच्या भरात सगळ्यात मोठा धोंडा उचलला. कमरेत ‘कट्ट’ असा आवाज झाला. धोंडा तिथंच राहिला आणि मी वाकलेला राहिलो.

तसाच वाकून गाडीत शिरलो. भवानीनगरपर्यंतचे खड्डे मी मोजले, पुढचे मोजायची ताकद राहिली नाही.

बारामतीत सासरे दारातच उभे होते. “जय भीम, मास्तर! या, या. सुनंदाचं तर जेवण बी झालं.” मला हात उचलता येईना. गाडीतून उतरताही येईना. शेवटी सासऱ्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी दोन्ही काखांत हात घालून मला उचलून घरात नेलं. घरात मऊ गादी घातलेली खाट एकच होती, लेकीसाठी खास तयार केलेली. सासूबाईंनी मला तिच्यावर पालथा घातला, कमरेवर गरम मिठाची पुरचुंडी ठेवली, वरून लेकीचीच फुलाफुलांची शाल डोक्यापर्यंत पांघरली.

सुनंदा बाजूला खुर्चीत बसून चिंच चाखत होती. “एसटीत काय गाढ झोप लागली हो मला,” ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

तेवढ्यात गल्लीतली एक म्हातारी काठी टेकत आली. डोळ्यांनी अधू. “आली का गं लेक? बगू दे तरी,” म्हणत थेट खाटेपाशी. शाल चाचपली आणि कपाळावर हात मारून घेतला.

“आगं बया! सातवा म्हयना आन् पालथी झोपलीस? सूद हाय का तुला? हो, कुशीवर हो आदी!” आणि पाठीवर सणसणीत एक चापट.

तोंड दाखवून खुलासा करावा, तर मान वळेना. आणि वळली असती तरी दाखवण्यासारखं तोंड उरलं होतं कुठं? मी बारीक आवाज काढून “व्हय आजी” म्हणालो आणि कण्हत कण्हत कुशीवर झालो. आतून सुनंदाच्या हसण्याचा आवाज येत होता.

म्हातारी सासूबाईंना समजावत होती, “नगं रागवू तिला. पयलीच खेप हाय, चुकतंय मानूस. फुडच्या येळंला शानी हुईल.”