जोगला जाऊन आले, पण जोग दिसला नाही

मंडळी, इथं रोज कुणीतरी विचारतं, अमुक ठिकाण बघण्यासारखं आहे का? मी आज जोगचा धबधबा बघून आले आणि मला सांगता येत नाही.

आम्ही बायकांनी कोल्हापुरातून गाडी केली होती. सकाळी पोचलो तर समोर नुसतं पांढरं धुकं. पाणी कोसळल्याचा आवाज येत होता, दिसत काहीच नव्हतं. मी कठड्याला धरून उभी राहिले.

"आवाज ऐकायला एवढ्या लांब आलो व्हय?" माझी धाकटी जाऊ म्हणाली. सगळ्या हसल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मग तिनं माझा हात ओढला, "चला आक्का, परत येऊया की!"

बाहेरच्या माणसाला वाटतं, कोल्हापूरकरानं 'की' लावलं म्हणजे बेत पक्का. आम्हाला ठाऊक असतं, विषय तिथंच मिटला. माझे यजमानही जोगचं नाव काढलं की दरवर्षी म्हणायचे, "जाऊया की!" म्हणता म्हणता ते वारले.

अजून थोडं थांबूया, एवढंही आज माझ्या तोंडून निघालं नाही. गुमान गाडीत बसले.

तुमच्यापैकी कुणी तिथं धुकं हटेपर्यंत थांबलंय का? काय दिसतं, तेवढं सांगा.