ट्रॅक्टरशी मालवणीत बोलणारे काका

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गवत कापायचा एक जुना छोटा ट्रॅक्टर आहे. त्याचे मेकॅनिक काका आमच्याशी हिंदीत बोलतात, ट्रॅक्टरशी मात्र मालवणीत.

परवा संध्याकाळी मैदानात लग्नाचं रिसेप्शन होतं आणि अर्धं गवत कापून ट्रॅक्टर बंद पडला. काकांनी कार्बोरेटर उघडून साफ केला. मग नेहमीप्रमाणे टाकीचं झाकण काढून, डोळे मिटून पेट्रोलचा वास घेतला. ट्रॅक्टर झकास सुरू झाला. झाकण लावल्यावर थोड्या वेळात पुन्हा ठप्प.

"कचरो काढलंय, पेट्रोल घातलंय, आता काय होया तुका?" काका कळवळले.

शेवटी त्यांनी झाकणच डोळ्यांशी धरलं. हवा आत जायचं बारीक छिद्र वाळलेल्या कुंकवानं बुजलं होतं.

"दसरे को पूजा किसने किया?" ते माझ्यावर गरजले.

"तुम्हीच, काका."

त्यांनी गुपचूप टाचणीनं छिद्र मोकळं केलं. पाहुणे यायच्या आत गवत कापून झालं.

नवरीच्या वडिलांनी काकांना आग्रहानं जेवायला बसवलं. काकांनी ताटातला एक गुलाबजाम नेऊन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवला.

"तुजो श्वास मीच कोंडलंय रे," ते हळूच म्हणाले. "आता राग धरू नको."