तक्त्यात न बसलेली मुलं

सकाळचे अकरा. दौंड स्टेशनजवळची शाळा. चौथीच्या मुलांची बुद्धिमापन चाचणी सुरू झाली. नवं राज्य नुकतंच झालं होतं. चाचणीत पहिली येईल त्या मुलीला पुण्याच्या हायस्कुलात वसतिगृहासह जागा मिळणार होती. मी बातमीदार म्हणून गेलो आणि वर्षभर या चाचणीच्या मागे लागलो. अशा कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत, रोज एक टेबलावर येऊन पडतो.

पहिला प्रश्न सगळ्यांत सोपा होता. ‘तांबडा दिवा दिसला की काय करावे?’ उत्तर, थांबावे. दौंडच्या निम्म्या वर्गानं लिहिलं, ‘खाली उतरावे.’

मी एकाला विचारलं, "का रे?"

"गाडी सिग्नलला थांबती तवाच उतरायचं. आमचं घर तितंच हाय."

* * *

शिरूर तालुक्यात भीमेकाठी वडगाव रासाई आहे. तिथं प्रश्न होता, ‘नदी ओलांडण्यास काय लागते?’ छापील उत्तर, पूल. पोरांनी लिहिलं, ‘उन्हाळा.’

शून्य गुण.

* * *

चाचणीचे साहेब पुण्याचे. शिरूरच्या कचेरीत त्यांनी मला तक्ता दाखवला. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावलेले. अवघड प्रश्न सोडवणाऱ्याला सोपे आलेच पाहिजेत, हा त्यांचा नियम. ज्याचं तसं होत नाही, त्याचा पेपर संशयित म्हणून लाल दोऱ्याच्या गठ्ठ्यात.

महिन्याभरानं साहेब खुशीत होते. "तक्ता तंतोतंत बसला."

"आणि लाल गठ्ठा?"

"तो वगळून."

"साहेब, न बसणारी काढल्यावर उरलेली बसणारच की."

"तुम्ही पत्रकार. तुम्हाला शास्त्र कळायचं नाही."

मी बी.ए.ला गणित घेतलं होतं. एवढं कळत होतं.

* * *

दौंडचे रहीमभाई शिंपी. त्यांची जैतून या चाचणीत गुणांनी पहिली आली आणि लाल गठ्ठ्यात गेली. तांबड्या दिव्याचं उत्तर चुकलं होतं, आणि सगळ्यांत अवघड प्रश्न बरोबर. कागदाची दोनदा घडी घालून कोपरा कापला, तर उलगडल्यावर तो कसा दिसेल, त्याचं चित्र काढायचं. ही पोर रोज बापाशेजारी बसून घडी घातलेलं कापड कापायची.

रहीमभाईंना मी कचेरीत नेलं. त्यांनी तक्ता नीट पाहिला.

"साहेब, सदरा अंगाला बसला न्हाई तर मी सदरा उसवतो. गिऱ्हाइकाला उसवत न्हाई."

"इथे कपड्यांचा काय संबंध?"

"मापाचा हाय, साहेब."

* * *

साहेबांनी ठरवलं, वर्गाच्या गुरुजींनीच तिला उत्तर सांगितलं असणार. दुपारी चार वाजता गुरुजी आणि जैतून शिरूरला हजर. साहेबांनी नवा कागद घेतला, घडी वेगळी घातली, कोपरा वेगळा कापला.

जैतूननं चित्र काढलं. कागद उलगडला. तंतोतंत.

"आता गुरुजी, तुम्ही."

गुरुजींनी पेन्सिल घेतली, दोनदा खोडलं, घाम पुसला. कागद उलगडला. साफ चूक.

"मला येत असतं तर सांगितलं असतं, साहेब," गुरुजी म्हणाले.

मी साहेबांचीच निकालाची यादी पुढं सरकवली. चाचणीच्या दिवशी दौंडच्या वर्गात घडीचा प्रश्न आणखी एकाही मुलाला सुटलेला नव्हता. साहेबांनी यादी वाचली, टोपी घातली आणि निघून गेले.

आठ दिवसांनी ती जागा दुसऱ्या मुलीला दिली. जैतूनच्या पेपरावरचा टाइप केलेला शेरा मी स्वतः पाहिला आहे. ‘नक्कल केली.’ त्याखाली छापील रकाना, ‘कोणाची?’

तो कोरा आहे.