बंद खोलीतली हवा मोजणाऱ्या सावेबाई

सावेबाईंची माझी पहिली भेट तलासरीजवळच्या आमच्या पाड्यावर झाली. बाई डहाणूच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि सुट्टीत गावोगाव हिंडून घरांतला रेडॉन मोजत. जमिनीतून आपोआप झिरपणारा हा किरणोत्सारी वायू; त्याला ना रंग, ना वास. कोंदट खोलीत तो साठतो आणि वर्षानुवर्षे फुप्फुसांना अपाय करतो. त्याच्या खुणा टिपणारी फिल्म घातलेली एक डबी त्यांनी आईच्या हाती दिली आणि "घरात तीन महिने टांगा," असं सांगितलं. मी तेव्हा दहावीत होते.

तीन महिन्यांनी त्या आल्या, तर डबी ओटीवर डुलत होती. आई म्हणाली, "हवा मोजाची ना, बाय? घरात कुठं हाय हवा? म्हनून भायेर बांदली." सगळी मेहनत पाण्यात गेली होती. दुसरं कोणी असतं तर आईला चार शब्द सुनावले असते. बाई मनापासून हसल्या. "चूक माझीच. घरातच का, ते मी सांगितलं नाही," म्हणाल्या आणि नवी डबी मागच्या खोलीत स्वतः टांगून गेल्या.

त्या खोलीचा आकडा इतर घरांपेक्षा बराच जास्त आला. तो कळवायला बाई एसटीने स्वतः आल्या. आई घाबरून घर सोडायची भाषा करू लागली. बाईंनी तिच्या शेजारी बसून समजूत घातली, भिंतीत झरोका पाडून घेतला आणि पुन्हा मोजून उतरलेला आकडा दाखवला. त्या दिवशी मी विज्ञान शाखेला जायचं ठरवलं.

आज मी याच कामात त्यांची मदतनीस आहे. बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात गोडच लिहावं, हे मला कळतं. पण काळजीने माझा जीव थाऱ्यावर नाही.

बाईंची घोलवडची कामाची खोली म्हणजे चिकूच्या वाडीतलं जुनं कोठार, अर्धं जमिनीखाली. खाऱ्या हवेने उपकरणं गंजतात म्हणून खिडक्या कायम बंद. उमेदीची सारी वर्षं त्यांनी तिथे काढली. गावभर डब्या टांगल्या, स्वतःच्या खोलीत एकही नाही! कित्येक महिने त्यांचा खोकला हटत नाही. शेवटी मीच हट्टाने तिथे डबी लावली. परवा आकडा आला, आमच्या मागच्या खोलीपेक्षाही जास्त.

"एका मोजणीवरून निष्कर्ष काढायचा नसतो. अजून तीन महिने लाव," बाई म्हणाल्या.

त्यांनीच लावलेली शिस्त मला पहिल्यांदा नकोशी झाली. "बाई, खोकल्याला तीन महिने द्यायचे नाहीत. छातीचा फोटो काढू."

"म्हणजे आणखी किरणं!" त्या हसल्या. मला हसू आलं नाही. खोकला साध्या धुळीचाच असो, एवढंच मी मागते आहे. पण ते डॉक्टरांनी सांगितलेलं मला ऐकायचं आहे. बाईंच्या सुहृदांनो, तुम्हीही त्यांना आग्रह करा.

बाई, तुम्हाला शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य मी मागतेच. पण नुसतं मागून थांबायचा धीर माझ्यात नाही. सत्कार रविवारी आहे. सोमवारी सकाळी नऊ वाजता मी रिक्षा घेऊन येते. हार-शाल नंतर आवरू. तुम्ही चप्पल घालून तयार राहा.